गाडी नागपुरात शिकून जावी, की इंग्लंडला गेल्यावर?

भाचीला सप्टेंबरात बर्मिंगहॅमला शिकायला जायचंय आणि घरात दोन तट पडलेत. ताईचं म्हणणं, सीताबर्डीच्या बाजारातल्या गर्दीत जी गाडी काढेल ती जगात कुठंही काढेल. भाऊजी म्हणतात, तिकडे शिकायचंच आहे तर इथं पैसे कशाला घालायचे? मी दोन्हीकडे शिकले आहे. ताईचं निम्मं बरोबर आहे.

आधी पैशाचं. इथं क्लास काही हजारांत होतो. तिथं शिकवणारा तासाला तीस-चाळीस पौंड घेतो आणि तिथल्या सरकारी आकड्यानुसार पास होणाऱ्याचे सरासरी ४५ तास शिकवणीत जातात. शिवाय शिकाऊ लायसन्सचे ३४ पौंड, लेखीचे २३, रस्त्यावरच्या परीक्षेचे ६२. नापास झालं की परीक्षेची फी पुन्हा.

पण पैशाहून मोठा फरक पहिल्या वर्षाचा. तिथं राहायला गेल्यापासून १२ महिने भारतीय लायसन्सवर एकटीनं गाडी चालवता येते, फक्त विमा हवा. (तो नवख्यांना चांगलाच महाग पडतो.) हातात लायसन्सच नसेल तर गाडीला लाल ‘एल’ लावायचा आणि शेजारी २१ च्या पुढचा, तीन वर्षांपासून लायसन्स असलेला माणूस बसवायचा. चार विद्यार्थ्यांच्या घरात असा माणूस कुठून आणणार? मग प्रत्येक सराव पैसे मोजूनच. रस्त्याची बाजू आपलीच, डावी. गिअरही डाव्याच हाताला. म्हणजे क्लच-गिअरची झटापट इथं स्वस्तात उरकता येते.

आता इथल्या शिक्षणाची दुसरी बाजू. आमच्या क्लासच्या सरांनी पहिल्याच दिवशी डावा आरसा मिटवला. "घासल्या जाते ना बापा!" वीस दिवसांत गाडी हातात आली, रिव्हर्स घेऊन दाखवला, लायसन्स मिळालं. इंग्लंडात पहिल्या परीक्षेत मी नापास झाले ती त्या आरशापायीच. साधारण चाळीस मिनिटं गाडी चालवायची. किरकोळ चुका पंधरापर्यंत माफ, गंभीर एक झाली की खेळ संपला. मी आरसा न बघता लेन बदलली. परीक्षक काही बोलला नाही, टॅबलेटवर नुसतं बोट टेकवलं.

राउंडअबाउटचं, म्हणजे ज्याला वळसा घालून जायचं त्या गोल चौकाचंही तेच. तिथं उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. शंकरनगर चौकात सिग्नल बंद पडला की ज्याचं नाक आधी घुसलं तो आधी. ही सवय मोडायला मला क्लच शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले. हॉर्नही आवरावा लागतो: वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात कायद्यानंच बंदी.

म्हणून भाचीला सांगितलं, इथं शीक, पण मुरू नकोस. लर्निंग (शिकाऊ) लायसन्स निघाल्यावर ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही, तेव्हा विमानाआधी दोन महिने तरी हातात हवेत. तीन आठवड्यांवर तिकीट असेल तर नाद सोडावा. लंडनला जाणारीनंही सोडावा, तिथं गाडी म्हणजे पार्किंगची डोकेदुखी.

आणि तिथं पोचल्यावर वर्ष संपायची वाट बघू नये. भारतीय लायसन्स तिथल्याशी बदलून मिळत नाही; दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. लेखीत ५० पैकी ४३ बरोबर हवेत, त्यात व्हिडिओ बघून धोका ओळखायचा भाग वेगळा, आणि रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख मिळायला महिने लागतात. ती ऑटोमॅटिकवर दिली तर पुढे ऑटोमॅटिकच चालवता येते.

डिप्परचंही, म्हणजे हेडलाइट चमकवून द्यायच्या खुणेचंही, तिला सांगून ठेवलंय. आपल्याकडे समोरच्यानं डिप्पर मारला की अर्थ एकच: मी येतोय, थांब. तिकडे पहिल्याच आठवड्यात अरुंद गल्लीत समोरच्या बाईनं डिप्पर मारला. मी थांबले. तिनं पुन्हा मारला, मी आणखी मागे सरकले. तिसऱ्यांदा तिनं काच खाली करून हातानंच खूण केली, तेव्हा कळलं, बिचारी मघापासून ‘तू जा’ म्हणत होती.