अ‍ॅक्रिलिक की जेल? नेल आर्टचा क्लास लावण्याआधी बोटांचा विचार

क्लासला येणाऱ्या मुली विचारतात, कमाई कशात जास्त, अ‍ॅक्रिलिकमध्ये की जेलमध्ये? बोटांचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. मी आधी तेच बघेन.

अ‍ॅक्रिलिकमध्ये ब्रशवर द्रव आणि पावडरचा गोळा धरून नखावर ठेवायचा, तो हवेतच कडक होतो. गाळाभर उग्र वास. घासताना धूळही फार. जेलला वास जवळपास नाही, ते यूव्ही दिव्याखाली घट्ट होतं, म्हणून सौम्य वाटतं. फसगत इथेच होते. दोन्ही एकाच कुळातली, मेथाक्रिलेटची, आणि अ‍ॅलर्जी होते ती पुरतं घट्ट न झालेल्या रसायनामुळे. वासामुळे अ‍ॅक्रिलिकवाली निदान खिडकी तरी उघडते. जेलवाली मात्र कडेला आलेलं जेल बिनधास्त बोटाने पुसते.

दिव्यातून हात काढल्यावरही बऱ्याच जेलवर एक चिकट थर उरतो. तो पुसताना अंगठा आणि तर्जनी रोज त्यालाच लागतात. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, तीच टोकं भेगाळतात, खाजतात. आपण भांड्याच्या साबणाला बोल लावतो. पापण्या सुजल्या तर काजळाला.

एकदा अ‍ॅलर्जी बसली की सहसा जन्मभराची. दाताचं फिलिंग आणि हाडाचं सिमेंट यांतही हीच रसायनं असतात, म्हणून डॉक्टरांना ती आधीच सांगावी लागते. हेमा (HEMA, हायड्रॉक्सिएथिल मेथाक्रिलेट) हे त्यातलं सर्वांत कुप्रसिद्ध रसायन. युरोपीय संघाने २०२१पासून हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांपुरती ठेवली. 'हेमा-फ्री' बाटलीवर मात्र विसंबू नका, आत त्याची भावंडं असू शकतात.

ग्लोव्ह्जमध्ये लेटेक्स बाद. नायट्राइल बरे, पण पातळ नायट्राइलमधूनही हे काही मिनिटांत आरपार जातं, तेव्हा थेंब पडला की लगेच बदला. पकड यावी म्हणून बोटांची टोकं कापलेले ग्लोव्ह्ज म्हणजे निव्वळ शोभा.

माझा कौल? गाळ्यात हवा खेळत नसेल तर जेल, पण ते पुरतं घट्ट व्हावं म्हणून जेलच्याच कंपनीचा दिवा घेऊन आणि त्वचेला थेंब न लावता. हात अजून बसला नसेल तर आधी साधं पॉलिश. खाज सुरू झाली असेल तर दोन्ही बंद, आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट, म्हणजे पाठीवर पट्ट्या लावून अ‍ॅलर्जीची तपासणी. बाटल्यांच्या लेबलांचे फोटो सोबत न्या. पट्ट्या पाठीवर दोन दिवस राहतात, पाणी लागू द्यायचं नसतं, म्हणून ऐन लग्नसराईतली तारीख घेऊ नका.