रोजच्या शास्त्रवाचनातून मनन आणि प्रार्थना : कोणती पद्धत कोणाला मानवेल?

बायबलच्या रोजच्या मननासाठी पद्धत निवडताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात : उतारा कोण ठरवतो आणि तो वाचल्यावर मनाला कोणते काम मिळते. ख्रिस्ती परंपरेतील प्रचलित पद्धती या दोन बाबतींत एकमेकींपासून बऱ्याच दूर आहेत.

मठजीवनात रुजलेल्या ‘लेक्तिओ दिविना’ (पवित्र वाचन) या पद्धतीला बाराव्या शतकात दुसरा ग्विगो या कार्थुसियन संघाच्या कॅथलिक संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द ध्यान अशा चार पायऱ्यांत बांधले. चार-सहा वचनांचा उतारा सावकाश, शक्यतो ओठ हलवत, पुन्हापुन्हा वाचायचा आणि जे वचन मन धरून ठेवते तिथेच थांबून त्याची प्रार्थना होऊ द्यायची, एवढाच तिचा क्रम. स्तोत्रसंहिता किंवा योहानाचे शुभवर्तमान यांना ती फार शोभते. वंशावळींपाशी मात्र तिचे पाऊल अडखळते. उतारा आपणच निवडू लागलो, तर आवडीची वचने पुन्हापुन्हा समोर येतात आणि आपल्याला खटकणारे शास्त्र वर्षानुवर्षे न उघडता राहते, हा तिचा खरा धोका.

येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ 1548 साली छापल्या गेल्या. त्यांतील चिंतनात वाचक प्रसंगाच्या आत शिरतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील आंधळ्या बार्तीमयाचा प्रसंग घेतला, तर यरीहोची वाट, आंधळ्याला गप्प बसवणारी गर्दी आणि त्याने टाकून दिलेले वस्त्र हे सारे मनात उभे करायचे. मग येशू ‘तुला काय हवे आहे’ असे विचारतो, तेव्हा उत्तर बार्तीमयाच्या तोंडून न ऐकता स्वतः द्यायचे, आणि शेवटी मित्र मित्राशी बोलतो तसे त्याच्याशी बोलायचे. ज्यांची प्रार्थना विचारांतच अडकून कोरडी झाली आहे, त्यांना ही पद्धत हलवून सोडते. रोमकरांस पत्रासारख्या युक्तिवादप्रधान लेखनाला मात्र ती लागू पडत नाही.

चर्चने नेमलेल्या प्रार्थनाक्रमात निवड आपल्या हाती राहत नाही, आणि माझ्या मते तेच त्याचे सर्वांत मोठे बळ आहे. 1549 च्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) प्रार्थनापुस्तकाने सकाळ-संध्याकाळच्या उपासनेत 150 स्तोत्रे 30 दिवसांत वाटली. दिवसाच्या ठरावीक वेळी म्हणायच्या कॅथलिक प्रहरप्रार्थनेत आता स्तोत्रांचे चक्र चार आठवड्यांचे असते, मात्र त्यातून शत्रूंवर शाप मागणाऱ्या वचनांची 58, 83 आणि 109 ही स्तोत्रे वगळलेली आहेत. 88 वे स्तोत्र अंधारातच संपते. आनंदाच्या दिवशी ते आपण होऊन कोणी उघडणार नाही, पण क्रमात ते येतेच, आणि मग दुसऱ्या कुणाच्या तरी दुःखासाठी आपले ओठ वापरले जातात. शोकात असलेल्या माणसालाही याच मार्गाचा आधार वाटतो, कारण त्याला स्वतःचे शब्द शोधावे लागत नाहीत. अर्थात, मन दुसरीकडे आणि जीभ पाठावर, अशी अवस्था येथे लवकर येते.

दिवसाला दोनच वचने हवी असतील, तर मोरावियन बंधू या प्रोटेस्टंट पंथाच्या 1728 पासूनच्या परंपरेतील दैनिक वचने पुरेशी आहेत. उलट, स्कॉटिश धर्मोपदेशक मॅकचेन यांच्या 1842 च्या वाचन-आराखड्यात रोज साधारण चार अध्याय असतात. त्याने शास्त्राची ओळख वाढते, मननाला मात्र उसंत उरत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने उतारा नेमलेल्या वाचनमालेतून, म्हणजे चर्चने दिवसवार ठरवलेल्या उताऱ्यांच्या यादीतून, घ्यावा आणि तो लेक्तिओच्या संथ गतीने वाचावा, असे मी सुचवीन. रोमन कॅथलिक वाचनमालेत रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने येतात. सामान्य काळातील (नाताळ, ईस्टर आणि त्यांच्या तयारीचे काळ वगळून उरलेल्या वर्षातील) आठवड्याच्या दिवसांचे पहिले वाचन एकाआड एक वर्षी बदलते, पण शुभवर्तमान दरवर्षी तेच असते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या टिपणांशेजारी यंदाचे मनन ठेवून पाहता येते. इग्नेशियसच्या पद्धतीचे एखाद-दुसरे चिंतन एकट्याने करायला हरकत नाही. संपूर्ण साधना मात्र मार्गदर्शकासोबत करण्यासाठीच रचलेली आहे, म्हणून तिच्याकडे वळण्याआधी अनुभवी मार्गदर्शक शोधावा.