‘अस्सल रेशीम, 1780 चा पॅटर्न’: दोन्ही खोटं

ऐतिहासिक पोशाख शिवायला हौसेने नुकतीच सुरुवात केली असेल, तर हे जरूर वाचा. खोटं कापड आणि खोटे पॅटर्न ‘अस्सल’ म्हणून विकणाऱ्यांचा धंदा नवशिक्यांवरच चालतो. अस्सल जुनं शिवणकाम जवळून पाहिलेलं नसल्यामुळे खोट्याचा संशय येतच नाही.

मी ऑनलाइन एक संच मागवला. 1780 च्या सुमारास युरोपात बायका घालत ते ‘स्टेज’, म्हणजे धड शंकूसारखं ताठ ठेवणारं आतलं वस्त्र. त्याचा पॅटर्न (कापड बेतायचा छापील नमुना), वर लावायला रेशमी टॅफेटा (कडक, चमकदार कापड) आणि शिकवणीचे व्हिडिओ. मी पैसे देण्याआधी खात्री मागितली, तेव्हा विक्रेत्याने कापडाचा धागा जाळून दाखवल्याचा व्हिडिओ पाठवला. केस जळल्यासारखा वास येतोय, असं तो त्यात सांगत होता. राखही बोटांत चुरगळून दाखवली. रेशमाची हीच खूण. फक्त व्हिडिओतलं कापड वेगळं होतं.

माझ्याकडे आलेल्या कापडाचे उभे आणि आडवे धागे मी वेगवेगळे काढले, चिमट्यात धरून पाण्याच्या भांड्यावर जाळले. उभा धागा वितळून त्याचा टणक काळा मणी झाला: पॉलिएस्टर. आडवा कागदासारखा भरकन जळला, बहुधा व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा). दोन्ही दिशांचे धागे तपासावेतच, कारण एकीकडे रेशीम आणि दुसरीकडे भलतंच घालून विणलेलं कापडही ‘रेशीम’ म्हणून खपवतात. आणि विक्रेत्याने जाळलेला धागा पुरावा धरू नका. कापडाचा छोटा तुकडा आधी मागवा, स्वतः जाळा. तुकडा द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊच नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

पॅटर्न तर उघड उघड खोटा. पुढच्या बाजूला हुकांनी उघडणारी पोलादी पट्टी आणि पाठीवर धातूच्या आयलेट्स, म्हणजे दोरी ओवायच्या भोकांना बसवलेल्या कड्या. अशी पट्टी एकोणिसाव्या शतकातल्या कॉर्सेटची (स्टेजनंतर आलेल्या तशाच घट्ट आतल्या वस्त्राची), आणि धातूच्या आयलेट्सही 1828 च्या सुमारास आल्या. त्याआधी दाभणाने धागे न तोडता बाजूला सारून भोक पाडत आणि कडेने हाताने टाके घालत. हेच तर मला शिकायचं होतं! शिवाय छापलेलं माप बरोबर आलं का, हे पाहायचा चौकोनही पानावर नव्हता.

जाहिरातीतल्या फोटोखाली ‘आम्ही शिवलेला’ असं लिहिलं होतं. चित्रावरून शोध घेतला, तर तो न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या जुन्या वस्त्राचा निघाला. त्या संग्रहालयाने 2017 पासून बरीच छायाचित्रं कुणालाही वापरायला मोकळी केली आहेत. त्यामुळे फोटो वापरणं गैर नाही, पण संग्रहालयातलं काम आपलं म्हणून विकणं ही सरळ लबाडी आहे.

पैसे परत मागितल्यावर तो गोड बोलत राहिला: कुरिअर पाठवतो, दुसरं कापड देतो. तक्रारीची मुदत उलटल्यावर उत्तरं थांबली. असं आश्वासन मिळालं तरी तक्रार आधी नोंदवून ठेवा. पैसे संकेतस्थळाबाहेर, थेट खात्यात मागितले तर देऊ नका, तिथे परतावा मिळायची सोय राहत नाही. कापड बेतण्याआधीच तपासा, कापलेलं कापड सहसा कुणी परत घेत नाही.

तोच फोटो आता दुसऱ्या नावाच्या दुकानात दिसतोय, खाली ‘आम्ही शिवलेला’ तसंच आहे.