निकाल छापतात, चेस सांगत नाहीत: इंग्लंडमधील एका रिअल टेनिस क्लबचे परीक्षण

रिअल टेनिस म्हणजे आजच्या लॉन टेनिसचा पूर्वज, भिंतींनी वेढलेल्या कोर्टात खेळला जाणारा. त्याची वापरात असलेली कोर्टे साऱ्या जगात पन्नासच्या आसपास आहेत. त्यांतली निम्म्याहून अधिक ब्रिटनमध्ये आणि उरलेली प्रामुख्याने अमेरिका, ऑस्ट्रेलिया व फ्रान्स या देशांत आहेत. त्यामुळे घराजवळ असे एखादे कोर्ट असणे ही इंग्लंडमध्येसुद्धा चैनच म्हणावी लागते. ज्या क्लबविषयी मी लिहीत आहे तो इंग्लंडमधील एका लहान शहरात आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा क्लबची सदस्यसंख्या इतकी मर्यादित असते की कोणत्याही तक्रारीचा रोख थेट एखाद्या माणसावर जातो. मी तेथे खेळतो ते जेमतेमच. माझे सदस्यत्व मुख्यतः सामने पाहण्यासाठी आणि क्लबचे बातमीपत्र वाचण्यासाठी आहे, आणि हे परीक्षणही त्याच दोन गोष्टींचे आहे. सामने दाखवण्याच्या बाबतीत हा क्लब उत्कृष्ट आहे. त्याच सामन्यांची बातमी देण्याच्या बाबतीत तो आश्चर्यकारकरीत्या कमी पडतो.

सामना पाहण्याची जागा म्हणजे देदाँ. सर्व्हिसच्या बाजूच्या मागील भिंतीत एक लांबट मोकळी चौकट असते, तिला जाळी लावलेली असते आणि जाळीमागे बाकांच्या दोन ओळी असतात. टेलिव्हिजनवर लॉन टेनिस पाहून आलेल्या माणसाला ही जागा प्रथम विचित्र वाटते. सर्व्हिस करणारा आपल्याकडे पाठ करून उभा असतो आणि समोरचा खेळाडू जणू आपल्याच दिशेने चेंडू मारत असतो. काही वेळा तो खरोखरच आपल्या दिशेने मारतो, कारण देदाँमध्ये चेंडू घालणे म्हणजे थेट गुण मिळवणे होय. असा जोरकस फटका जाळीवर आदळतो तेव्हा ती नाकापासून हातभर अंतरापर्यंत फुगते, आणि वर्षानुवर्षे तेथे बसणारे ज्येष्ठ सदस्यही चहाचा कप सांभाळत अंग चोरतात. खेळाच्या इतक्या जवळ, इतक्या सुरक्षितपणे आणि तिकिटाविना बसता येणे ही या क्लबची पहिली जमेची बाजू आहे. साध्या सामन्यांना जागा सहज मिळते. अंतिम सामन्यांना मात्र मागच्या ओळीतून केवळ पुढच्यांचे खांदे दिसतात, आणि समितीने अजूनही मागील बाक उंचावर घेण्याचे मनावर घेतलेले नाही.

केवळ जवळून दिसले म्हणून हा खेळ समजतो असे नाही. कोर्टाच्या तीन बाजूंना उतरत्या छपरांचे पेंटहाउस आहेत आणि सर्व्हिसचा चेंडू त्यांच्यापैकी बाजूच्या छपरावरून घरंगळत पलीकडे उतरावा लागतो. उजवीकडच्या मुख्य भिंतीला पुढे टॅम्बर नावाचा तिरका उंचवटा असून त्यावर आपटलेला चेंडू अनपेक्षित कोनात वळतो. पलीकडच्या कोपऱ्यात ग्रिल ही चौकोनी खिडकी आहे. जाळे कडेला पाच फूट आणि मध्यभागी तीन फूट उंचीचे, म्हणजे चांगलेच झोळ पडलेले असते. एवढ्या सामग्रीतून वाट काढत सामना नव्या प्रेक्षकापर्यंत पोहोचवण्याचे काम मार्कर करतो, आणि माझ्या मते या क्लबची खरी सेवा तीच आहे.

मार्कर हा पंच, गुणलेखक आणि निवेदक या तिन्ही भूमिका एकाच वेळी पार पाडतो. आजकाल बहुतेक ठिकाणी क्लबचा प्रोफेशनलच, म्हणजे पगारी प्रशिक्षकच, हे काम करतो. जाळ्याच्या टोकाशी उभे राहून चेंडूचा दुसरा टप्पा नेमका कोठे पडला हे त्याला क्षणार्धात ठरवावे लागते, कारण या खेळाचे सारे मर्म त्या दुसऱ्या टप्प्यात आहे. सर्व्हिसच्या बाजूला चेंडू जमिनीवर दोनदा पडला तर लॉन टेनिसप्रमाणे लगेच गुण दिला जात नाही. त्या जागेची ‘चेस’ म्हणून नोंद होते आणि गुण तात्पुरता उधार राहतो. अशा दोन चेस झाल्या की, किंवा एकच चेस झालेली असताना कोणी गेम जिंकण्यापासून एका गुणावर आला की, दोघे बाजू बदलतात आणि तो उधार गुण पुन्हा खेळला जातो. ज्याने आधी चेंडू सोडला होता तो आता पलीकडे जातो, आणि त्याला आपला फटका असा मारावा लागतो की त्याचा दुसरा टप्पा मागील भिंतीच्या अधिक जवळ पडेल. भिंतीपासून दोन यार्डांवर झालेली चेस जिंकायची तर दोन यार्डांच्या आत. अर्ध्या यार्डाची चेस असेल तर फटक्यात धार आणि नशीब दोन्ही हवे. सर्व्हिस नेहमी एकाच बाजूने होत असल्यामुळे ती मिळवण्याचा मार्गही चेसमधूनच जातो. चेस न करणारा खेळाडू सेटच्या सेट पलीकडच्या बाजूला अडकून राहू शकतो.

हे सर्व कागदावर रुक्ष वाटते, पण चांगला मार्कर दोन शब्दांत त्याचे नाट्य उभे करतो. ‘चेस, बेटर दॅन टू’ असे तो पुकारतो आणि बाजू बदलण्याच्या वेळी कोणती चेस आता खेळली जाणार हे पुन्हा स्पष्ट सांगतो. मग देदाँमधील प्रत्येकाचे लक्ष जमिनीवरील त्या रेषेकडे लागते. चेंडू येतो, बचाव करणारा रॅकेट मागे घेऊन तो सोडून देतो, कारण तो दोन यार्डांच्या बाहेर पडेल असा त्याचा अंदाज असतो. तो अंदाज खरा ठरला की नाही हे कळण्याच्या त्या अर्ध्या सेकंदात फटका मारणारा काहीही करू शकत नाही आणि सोडणाराही काही करू शकत नाही. न खेळण्याच्या निर्णयाला इतके महत्त्व देणारा दुसरा रॅकेटचा खेळ माझ्या पाहण्यात नाही. येथील मार्करचा आवाज स्वच्छ आहे, तो घाई करत नाही, आणि दोन गेमच्या मध्ये नवख्या पाहुण्याने शंका विचारली तर हळू आवाजात उत्तरही देतो. गुण पुकारताना शेवटचा गुण जिंकणाऱ्याचा आकडा आधी सांगण्याची या खेळातील पद्धत नव्या माणसाला हमखास गोंधळात टाकते. तीसुद्धा तो सामना सुरू होण्यापूर्वीच समजावून सांगतो.

आता बातमीपत्राकडे वळतो. ते ई-मेलने येते, महिन्याने येणे अपेक्षित असते आणि प्रत्यक्षात सवडीने येते. त्याची मांडणी नेटकी आहे, छायाचित्रे चांगली असतात, आणि इतिहासाच्या पानावर तर मेहनत दिसते. फॉकलंड राजवाड्यातील १५३९ चे बिनछपराचे कोर्ट, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या खेळाला मिळालेले स्थान आणि त्यात अमेरिकेच्या जे गुल्ड यांनी पटकावलेले सुवर्णपदक, १८४६ मध्ये स्थापन झालेला लेमिंग्टनचा क्लब, असे विषय तेथे वाचायला मिळाले. लॉर्ड्सवरील कोर्टाची हकिगत मराठी वाचकांनाही रुचेल. क्रिकेटच्या त्या पंढरीत १८३८ पासून रिअल टेनिसचे कोर्ट होते, ते माउंड स्टँड बांधण्यासाठी पाडले गेले आणि १९०० च्या सुमारास त्याच मैदानाच्या परिसरात नवे कोर्ट उभे राहिले. त्यापूर्वी, १८६७ मध्ये, एमसीसीने सदस्यांसाठी सुरू केलेली सुवर्ण आणि रौप्य रॅकेटची स्पर्धा हेही त्याच परंपरेतले. हे सर्व वाचनीय आहे. तक्रार एवढीच आहे की जुन्या गोष्टींची इतकी साक्षेपी नोंद ठेवणारे हे पत्र गेल्या शनिवारच्या सामन्याविषयी दोन आडनावे आणि काही आकडे यांपलीकडे काहीच सांगत नाही.

आकडे असे असतात: ६–५, ३–६, ६–४. लॉन टेनिसवरून आलेल्या वाचकाला पहिला सेट छपाईची चूक वाटू शकतो. या खेळात सहा गेम आधी जिंकणाऱ्याला सेट मिळतो, दोन गेमच्या आघाडीची अट नसते, हे एका ओळीत सांगायला काय हरकत आहे? त्याहून मोठी उणीव म्हणजे हे सामने बहुधा हँडिकॅपवर खेळले जातात आणि हँडिकॅपचा उल्लेखच नसतो. रिअल टेनिसमध्ये प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूला एक आकडा असतो. तो जितका लहान, तितका खेळाडू वरच्या दर्जाचा, आणि सामन्याचा निकाल संगणकीय प्रणालीत भरला की हा आकडा बदलतो. जगभरातील क्लब एकच प्रणाली वापरत असल्यामुळे मेलबर्नहून आलेला पाहुणा आणि येथील निवृत्त शिक्षक यांच्यात बरोबरीचा सामना कसा लावायचा हे मिनिटभरात ठरते. दोघांच्या आकड्यांतील फरकानुसार दुबळ्या खेळाडूला प्रत्येक गेम पंधरापासून सुरू करू देतात, किंवा एकाआड एक गेममध्ये पंधराची सवलत देतात, ज्याला ‘हाफ फिफ्टीन’ म्हणतात. बलवान खेळाडूला उलट उणे पंधरापासून सुरुवात करावी लागते. एवढी सुंदर सोय असलेल्या खेळात सवलत न छापता केवळ निकाल छापणे म्हणजे भाव न सांगता बाजारभावाची बातमी देणे होय. उणे पंधरावरून उठून ६–५ ने सेट काढणारा खेळाडू आणि पंधराची भेट घेऊन तोच सेट काढणारा खेळाडू बातमीपत्रात अगदी सारखे दिसतात.

चेसच्या बाबतीतही हेच आहे. निर्णायक गेममध्ये कोणती चेस झाली आणि ती कोणी जिंकली एवढे एक वाक्य दिले तरी सामना डोळ्यांसमोर उभा राहील. एका उपांत्य सामन्याचा शेवट मी देदाँमधून पाहिला होता. बाजूच्या छपराखाली ज्या मोकळ्या चौकटी असतात त्या गॅलरी, आणि त्यांत चेंडू गेला तरी चेस होते. गॅलरीत गेलेल्या एका साध्या फटक्याने झालेली अशी चेस खेळताना बचाव करणाऱ्याने चेंडू सोडला आणि सामना गमावला. बातमीपत्रात त्याची बातमी ‘चुरशीच्या लढतीत विजय’ अशी आली. असे तीन शब्द कोणत्याही खेळाच्या कोणत्याही सामन्याला लावता येतात.

बाहेरच्या जगाच्या बातम्यांतही समतोल नाही. जगज्जेतेपद हा येथील अभिमानाचा विषय आहे आणि तो रास्तच आहे, कारण १७४० पासून विजेत्यांची नावे सांगणारी अशी यादी दुसऱ्या खेळाजवळ क्वचितच असेल. पिएर एचेबास्टर यांनी १९२८ पासून १९५४ पर्यंत ते राखले, आणि ऑस्ट्रेलियाचे रॉबर्ट फाहे यांनी १९९४ मध्ये जिंकलेले पद २०१६ मध्ये अमेरिकेच्या कॅम्डेन रिव्हिएर यांच्याकडे जाईपर्यंत सांभाळले. या लढतींना पाने मिळतात. महिलांच्या स्पर्धा मात्र शेवटच्या पानावर, पार्किंगच्या सूचनेच्या शेजारी असतात. २०११ मध्ये पहिल्यांदा जगज्जेती ठरून पुढे तो किताब पुन्हा पुन्हा जिंकणाऱ्या क्लेअर फाहे यांचा खेळ पाहून या क्लबमधील किती जणींनी रॅकेट हाती घेतली, असा साधा लेखही अद्याप आलेला नाही.

सामन्यांच्या वेळापत्रकावर टीका करताना थोडा विचार करावा लागतो, कारण क्लबजवळ एकच कोर्ट आहे. तासाला दोन किंवा फार तर चार माणसे खेळू शकतात, त्यातच शिकवणी, हँडिकॅप स्पर्धा आणि बाहेरून आलेल्या संघाशी होणारे सामने बसवावे लागतात. आंतरक्लब सामन्याच्या दिवशी एकामागून एक लढती होत असल्यामुळे पहिली लढत लांबली की पुढचे सर्व वेळापत्रक सरकते. याला कोणाचा इलाज नाही. मात्र सामना उशिराने सुरू होणार हे दुपारी कळवण्याऐवजी आदल्या बातमीपत्रातच ‘अंदाजे वेळ’ असे छापावे, म्हणजे प्रेक्षक भुकेले बसणार नाहीत. दुसरे असे की प्रत्येक कोर्टाची मापे, टॅम्बरचा कोन आणि जमिनीचा वेग वेगवेगळा असतो. त्यामुळे पाहुण्या संघाची अडचण काय होणार आहे हे सांगणारा छोटासा पूर्वपरिचय सामन्याची गोडी कितीतरी वाढवेल. तो लिहिण्यास प्रोफेशनलइतका योग्य माणूस नाही.

या प्रोफेशनलविषयी वेगळे सांगायला हवे. कोर्टाला लागून त्याची छोटी खोली आहे. तेथे शिकवण्यांच्या मधल्या वेळात तो चेंडू शिवत बसतो. बुचाचा गाभा, त्यावर कापडाच्या पट्ट्या, त्यांना करकचून बांधणारी दोरी आणि वरून हाताने टाचलेले लोकरी कापड असा हा चेंडू लॉन टेनिसच्या चेंडूपेक्षा जड असतो आणि कमी उसळतो. कापड झिजले की तेवढे उसवून नवे चढवतात. शिकायला येणाऱ्याला तो एक उसवलेला चेंडू हातात देतो, आणि मग फटका खालून कापत का मारायचा, हे त्याला निम्मे शब्दांवाचूनच कळते. डोके एका बाजूला वाकलेली लाकडी रॅकेट क्लबतर्फे वापरायला मिळते, त्यामुळे सुरुवातीला स्वतःची घेण्याची गरज नाही. शिकवणीत सर्व्हिसचे प्रकार तो एकदम ओतत नाही. छपराला चिकटून वेगाने जाणारी ‘रेलरोड’ आणि उंचावरून कोसळणारी ‘जिराफ’ यांची नावे ऐकून नवशिके हरखतात, पण तो बराच काळ एकाच साध्या सर्व्हिसवर अडवून धरतो. त्याची ही शिस्त मला योग्य वाटते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने क्लबमधील अंतर्गत हँडिकॅप सामना निवडावा. मोठ्या सामन्यांत खेळ वेगवान असतो आणि मार्करला समजावून सांगायला सवड नसते. सामन्यापूर्वी फलकावर दोघांचे हँडिकॅप लिहिलेले असतात, ते पाहून ठेवावेत. सदस्यत्व घ्यायचे असेल तर खेळणाऱ्याला आणि केवळ पाहणाऱ्यालाही मी ते निःसंकोच सुचवीन, परंतु बातमीपत्रासाठी म्हणून कोणी घेऊ नये. सवलतीचे आकडे प्रणालीत आधीच भरलेले असतात आणि चेस मार्करच्या तोंडून कोर्टभर ऐकू गेलेल्या असतात. संपादकांनी निकालापुढे एक रकाना आणि एक वाक्य वाढवावे, एवढीच मागणी मी समितीकडे लेखी केली आहे.