बी.कॉम. नंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन घेतलं, पंधरा महिन्यांनंतर काय वाटतंय ते

आमच्या भागात माझ्याइतक्या वयाची मुलगी इलेक्ट्रिशियनला कुणी बघितलेली नाही, त्यामुळं दहावीचा रिझल्ट लागला की नात्यातले, गल्लीतले सगळे मलाच विचारतात, कोणता ट्रेड घेऊ, कोपा (कॉम्प्युटरचा कोर्स) बरा का फिटर, मुलीनं वेल्डर घेतला तर चालतं का. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहिते. आता पहिलं वर्ष पास होऊन दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे बोलण्याइतका अनुभव झालाय.

आधी माझं सांगते. बी.कॉम. केलं, मग दोन वर्षं एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात टॅलीच्या एंट्र्या आणि जीएसटी रिटर्न भरायचं काम केलं. काम वाईट नव्हतं पण पगार तिथंच, आणि माझ्यासारखं टॅली येणाऱ्या मुली प्रत्येक गल्लीत. आमच्याकडं कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल सगळ्या एमआयडीसी जवळ आहेत, फाउंड्र्या आणि मशीनशॉप भरपूर, तिथं इलेक्ट्रिशियन लागतोच लागतो. आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही हे कळलं आणि दहावीच्या मार्कांवर ऑनलाइन फॉर्म भरला. बी.कॉम.चा प्रवेशाला काही उपयोग नाही, मेरिट दहावीच्या मार्कांचंच. माझे दहावीला सायन्स-मॅथ्सचे मार्क बरे होते म्हणून सरकारी आयटीआयला नंबर लागला. वर्गात आम्ही वीसजण, त्यात मुली तीन, बाकीची पोरं सोळा-सतरा वर्षांची, मला सगळे ताई म्हणतात.

लोकांना वाटतं आयटीआय म्हणजे फिटर आणि वेल्डर. तसं नाहीये. दोन वर्षांचे ट्रेड आहेत, इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन, मोटर मेकॅनिक, रेफ्रिजरेशन-एसी. एक वर्षाचे आहेत, वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक, शिवणकामाचा सुइंग टेक्नॉलॉजी. आणि ऑफिसच्या बाजूचे पण आहेत, कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर, आणि स्टेनो. सगळे ट्रेड सगळीकडं नसतात, आमच्या तालुक्याच्या आयटीआयला यातले जेमतेम सात-आठ आहेत, त्यामुळं आधी जवळपास काय आहे ते बघावं लागतं. दहावी नापास असेल तर वाट बंद होते असं पण नाही, वेल्डर आणि वायरमनला आठवी पासवर पण घेतात.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं लगेच मोटारी खोलणार. पहिले कितीतरी दिवस नुसती सेफ्टी, आग लागली तर काय करायचं, शॉक लागलेल्याला कसं बाजूला घ्यायचं, आणि मग कानस घेऊन लोखंड घासणं. मला त्याचा कंटाळा आला होता, हाताला फोड आले, पण आता कळतंय हाताला सरळ काम करायची सवय तिथंच लागते. मग वायरचे जॉइंट, ब्रिटानिया, मॅरीड, वेस्टर्न युनियन, सोल्डरिंग, क्रिम्पिंग. मग बोर्डावरचं वायरिंग, जिन्याचं टू-वे, गोडाऊन वायरिंग, एनर्जी मीटर, वायरचं इन्सुलेशन तपासायचा मेगर. थिअरीला ओहमचा नियम मी दहावीला पाठ केला होता पण कळला तो इथं, सिरीजला दोन बल्ब लावल्यावर दोन्ही का मंद होतात ते डोळ्यांनी बघितलं तेव्हा.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण त्यानंतर माझा निर्णय बरोबर होता याची मला खात्री झाली. आमच्या घरी वॉशिंग मशीनला हात लावला की आईला झिणझिण्या यायच्या, चार-पाच वर्षं तसंच चालू होतं, ती लाकडी पाटावर उभी राहून कपडे काढायची. अर्थिंगचा धडा झाला त्या आठवड्यात घरी सिरीज लॅम्प (तपासायला दोन वायरी जोडलेला बल्ब) लावून बघितला. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लखलखीत लागला आणि फेज आणि अर्थमध्ये काहीच नाही. बोर्डला तिसरी वायर होती पण ती मीटरपाशी नुसती गुंडाळून ठेवलेली होती, जमिनीत काहीच गेलेलं नव्हतं. मी आणि बाबांनी मिळून घराच्या मागं खड्डा काढला, अडीच मीटरचा जीआय पाइप, बाजूनं कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं, सगळं वहीत काढलेल्या आकृतीप्रमाणं. आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइट बंद करणारा स्विच, बसवून घेतला. जोडणी करण्याआधी सरांना फोटो पाठवून विचारलं, आणि गावातला परवानाधारक वायरमन शेजारी उभा होता, मी एकटीनं केलं नाही आणि तुम्ही पण करू नका. आई आता चप्पल न घालता मशीनला हात लावते. टॅलीनं मला पगार दिला होता पण असं काही दिलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला मोटारी. थ्री फेज, मोटर थेट चालू करणारा डीओएल स्टार्टर, आणि आधी स्टार जोडणीत चालू करून मग डेल्टा जोडणीत नेणारा स्टार-डेल्टा. स्टार-डेल्टाला लाइनचा स्टार्टिंग करंट डायरेक्ट चालू करण्याच्या एक तृतीयांश होतो हे परीक्षेत सगळे लिहितात, पण पॅनल स्वतः वायरिंग करायला घेतलं की घाम फुटतो. माझी मोटर स्टारमध्ये मस्त फिरली आणि डेल्टाला गेली की एमसीबी उडाला. दोन दिवस शोधत होते. डेल्टाच्या कॉन्टॅक्टरवर (मोटरची लाइन जोडणारा-तोडणारा स्विच) दोन वायरींची अदलाबदल झालेली. सरांनी सांगितलं नाही, फक्त म्हणाले ड्रॉइंगवर बोट ठेव आणि एकेक वायर चालत जा. तसं केलं आणि सापडली. आता कुठलाही पॅनल उघडला तरी मी तसंच करते.

आता जे खटकलं ते. आमच्याकडं कॅल्क्युलेशन आणि ड्रॉइंगला जवळजवळ तीन महिने शिकवायला कुणी नव्हतं, पद रिकामं होतं, दुसऱ्या ट्रेडचे सर अधूनमधून येऊन धडे उरकायचे, परीक्षेआधी आम्ही पोरांनीच एकत्र बसून गणितं सोडवली. वायर, लग, टेप असलं रोजचं सामान वेळेवर येत नाही, एकच वायर चार जणांनी सोलून सोलून आखूड होते. सहा मोटारींपैकी दोन बंद आहेत. आणि एका बॅचला वीसजण असले की पुढं घुसणारी दोन-तीन पोरं पाना-पेंचिस सोडत नाहीत, बाकीचे बघत बसतात. आम्ही तिघी मुलींनी पहिल्या महिन्यातच सरांना सांगून गट पाडून घेतले, ते केलं नसतं तर आम्ही वर्षभर फक्त जर्नल लिहिलं असतं. मुलींच्या टॉयलेटची सोय वर्कशॉपच्या बाजूला नाही, लांब ऑफिसच्या इमारतीत जावं लागतं. सगळीकडं असंच असेल असं मी म्हणत नाही, माझी मैत्रीण दुसऱ्या जिल्ह्यात फिटरला आहे तिच्याकडं मशिनरी चांगली आहे.

कोपाबद्दल सगळ्यात जास्त विचारतात, विशेषतः मुलींच्या घरचे, कारण एसी लॅब, स्वच्छ काम, एकच वर्ष. माझ्या चुलत भावानं कोपा केलंय. एक्सेल चांगलं झालं, वेब पेज, जावास्क्रिप्ट, डेटाबेस, थोडं पायथन असं बरंच आहे सिलॅबसमध्ये, पण एका वर्षात सगळ्याला नुसता हात लागतो. तो क्लार्कच्या जागांचे फॉर्म भरायला लागला तेव्हा कळलं टायपिंगचं सर्टिफिकेट वेगळं लागतं, मिनिटाला मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द, मग त्यासाठी पुन्हा सहा महिने क्लास. कोपा वाईट आहे असं नाही, पण कोपाच्या जोडीनं टायपिंग आणि टॅली त्याच वर्षी सुरू करा, नंतर करू म्हणू नका. हिशेबाच्या कामाला जायचंच असेल तर बी.कॉम.वाल्या मुलींशी स्पर्धा आहे हे मी त्या बाजूला राहून बघितलंय. स्टेनो कमी लोक घेतात पण कोर्टात आणि सरकारी ऑफिसात लघुलेखक लागतात, ज्याला रोज दोन-तीन तास नुसता सराव करायचा धीर आहे त्यानं नक्की विचार करावा.

वेल्डरला एकच वर्ष आहे आणि ज्याच्या घरी पैशाची लवकर गरज आहे त्याला मी वेल्डरच सांगते. आमच्या शेजारचा मुलगा शिरोलीत लगेच लागला. काम अंगमेहनतीचं, डोळ्यांना त्रास, हे पण सांगते.

पुढचे रस्ते घरच्यांना माहीत नसतात म्हणून लिहिते. दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. नाहीतर अप्रेंटिसशिप, 1961 च्या कायद्याप्रमाणं कंपनीनं स्टायपेंड द्यायचा असतो. महावितरणला विद्युत सहाय्यकाची भरती निघते तिला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनच लागतो, रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या जाहिरातीत पण आयटीआय असतं. पण खासगी आयटीआयला जाणार असाल तर तुमच्या ट्रेडला केंद्र सरकारची मान्यता (जिला सगळे एनसीव्हीटी म्हणतात) आहे का हे आधी बघा, संस्थेला आहे म्हणून भागत नाही, त्या ट्रेडच्या त्या तुकडीला पाहिजे. माझ्या ओळखीच्या एकीनं हे न बघता फी भरली, नंतर खूप धावपळ झाली तिची.

आणि ट्रेडचं नाव बघून फॉर्म भरू नका. ऑप्शन भरायच्या आधी एकदा दुपारी दोन-तीनच्या सुमाराला त्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाऊन उभे राहा. पोरांचे हात काळे आहेत का बघा. मशीनवर धूळ आहे का तेलाचे डाग, ते बघा. निदेशक म्हणजे शिकवणारे सर किती आणि पदं रिकामी किती, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा, ते खरं सांगतात, आम्ही पण सांगतो. मी गेले होते तेव्हा एक मुलगा मोटर खोलून बसला होता आणि त्यानं मला बेअरिंग हातात देऊन फिरवून बघायला सांगितलं, खरखर लागतंय का बघ म्हणाला, लागत होतं. तिथंच मी इलेक्ट्रिशियन एक नंबरला टाकला आणि कोपा दोन नंबरला.

सध्या रिवाइंडिंग चालू आहे. जळालेल्या पंख्याची जुनी तार काढून वेढे मोजतोय, एक वेढा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. शनिवारी माझा पंखा चालू करून बघायचा आहे.