उंबरठ्यात अडलेला पाय आणि मेंदूतला पेसमेकर

ह्यांच्या मेंदूतल्या मशीनला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण आवाजासाठी कापलाय, एक उंबरठ्यासाठी.

आमच्या ह्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, होऊन ११ वर्षं झाली. मागच्या वर्षी फेब्रुवारीत डीबीएस केलं, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन: मेंदूत तार घालून तिच्यातून विजेचे बारीक ठोके देतात. मी पोस्टात काउंटरवर नोकरी केली. पैसे मोजले की पावती बघायची, ही तेव्हाची खोड. आणि इथे १५ लाखांच्या वर मोजलेत.

आधी आमची अडचण सांगते. आम्ही गिरगावात चाळीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना हे एका दमात चढतात आणि वर येऊन आपल्याच दारात अडकतात. पायांना डिंक लावल्यासारखं. धड पुढे जातं, पाय मागे राहतात. शेजारच्या वहिनींना बरेच दिवस वाटायचं, मुद्दाम करतात. जिन्यावर प्रत्येक पायरीची कड समोर दिसते, पाऊल कुठे टाकायचं ते डोळ्यांना कळतं. सपाट लादीवर मेंदूला ते आपलं आपणच ठरवावं लागतं, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथल्या समन्वयक बाईंनी पहिल्याच भेटीत मोबाइलवर व्हिडिओ दाखवला: मशीन बंद, माणूस थरथरतोय, मशीन चालू, माणूस चालतोय. मी विचारलं, हा दारात अडकायचा का? त्या म्हणाल्या, ‘काकू, चालणं सुधारतंच.’ या ‘तंच’वर माझा राग आहे.

डॉक्टर मात्र सरळ होते. ऑपरेशन ठरवण्याआधी त्यांनी चाचणी घेतली. रात्रीपासून गोळ्या बंद. सकाळी ह्यांना टॅक्सीतून अक्षरशः उचलून काढावं लागलं. उठणं, मूठ उघडणं-मिटणं, चालून वळणं, सगळ्याला गुण दिले. मग लेव्होडोपाचा, म्हणजे कंपवातावरच्या मुख्य औषधाचा, डोस दिला आणि तासाभराने तेच पुन्हा. साधारण ३० टक्के तरी फरक दिसायला हवा म्हणतात. ह्यांचा त्याहून बराच जास्त आला. पावलं लांब पडायला लागली, हात हलायला लागला. पण गोळी पुरती चढलेली असतानाही त्या खोलीच्या दारात पाय थबकले ते थबकलेच. डॉक्टरांनी ते टिपून घेतलं आणि म्हणाले, ‘गोळीने जे सुटतं ते मशीनने सुटेल. गोळीनेही जे सुटत नाही, त्याचा भरवसा धरू नका. कंप तेवढा याला अपवाद.’ मी मान डोलावली. पण डोक्यात व्हिडिओच होता.

मुळात हे तंत्र रुळलं ते कंपासाठी. फ्रान्समध्ये ग्रनोब्लला आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ साली कंप थांबवायला ते वापरलं. चालण्याचा प्रश्न त्याच्या गळ्यात नंतर पडला.

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. डोक्याला चौकट बसवलेली, माणूस जागा, मधूनच ‘आकडे मोजा’. मेंदूत खोलवर मसुराच्या दाण्यासारखं सबथॅलॅमिक न्यूक्लियस असतं. दोन्ही बाजूंना तिथपर्यंत तार नेतात. कानामागून, कातडीखालून ती गळपट्टीच्या हाडाखाली ठेवलेल्या बॅटरीला जोडतात. खरं काम पुढे. काही आठवड्यांनी मशीन चालू केलं आणि मग सेटिंगसाठी फेऱ्या. सहा महिन्यांत नऊ. कंपनीचा माणूस फक्त गुरुवारी यायचा, आम्ही दहापासून बसलेले, नंबर लागायचा दीडला. तोवर गोळीचा अंमल उतरलेला.

मिळालं काय? पहाटे बाथरूमला जायला मला उठावं लागत नाही. दिवसाच्या आठ गोळ्यांच्या चार झाल्या. गोळी चढली की अंग वेळावायचं, ते जवळपास गेलं. चहाचा कप बशीशिवाय धरतात. हे थोडं नाही, म्हणून साडेतीन.

उंबरठा तसाच आहे. सेटिंग १३० हर्ट्झवरून, म्हणजे सेकंदाला १३० ठोक्यांवरून, ६० वर आणून बघितलं, काहींचे पाय त्याने सुटतात. ह्यांचे जरा सुटले, पण कप पुन्हा बशीत खुळखुळायला लागला, म्हणून परत १३०. आवाज बसला, गॅलरीतून मारलेली हाक स्वयंपाकघरात येत नाही. आणि चालायचा हुरूप वाढला तसं वळताना पडणंही वाढलं. जूनमध्ये मनगट मोडलं.

एक धोका मात्र नीट वाचा. खांदा दुखतो म्हणून गल्लीतल्या फिजिओथेरपीवाल्याकडे गेलो. तो डायथर्मीचा, म्हणजे विद्युतलहरींनी आतून तापवणारा, शेक द्यायला निघाला होता. मी पर्समधलं, अंगात मशीन असल्याचं कार्ड पुढे केलं म्हणून वाचलो. अंगात ही तार असताना डायथर्मी अजिबात चालत नाही. तार तापून मेंदूला इजा होते, जीवही जाऊ शकतो. एमआरआयही विचारल्याशिवाय नाही. सिद्धिविनायकाला मेटल डिटेक्टरपाशी आम्ही कार्ड दाखवूनच आत जातो.

दाराचा उपाय सापडला तो पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या सपोर्ट ग्रुपमध्ये. मुंबईत त्यांचे ग्रुप चालतात, पैसे पडत नाहीत. तिथे एका आजोबांनी सांगितलं, लादीवर आडव्या पट्ट्या लावा. पाऊलभर अंतर सोडून दाराच्या अलीकडे तीन आणि पलीकडे तीन पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या. आता हे पट्टी ओलांडतात, उंबरठा आपोआप मागे पडतो. दहापैकी सात वेळा तरी. पाहुणे आले आणि सगळे एकदम बोलायला लागले की पट्ट्याही हरतात.

पावसाळ्यात त्या सुटतात. परवा परत लावायला बसले तर पिवळा रोल संपलेला, दुकानात लालच होता. लाल चालेल का, विचारलं. म्हणाले, ‘नको, सिग्नल लागल्यासारखं वाटेल.’ दोनदा विचारावं लागलं, पहिल्यांदा ऐकूच आलं नाही.