ग्लासगो कॅथेड्रल : आवर्जून पाहावी अशी वास्तू

ग्लासगोमध्ये एकच जुनी वास्तू पाहण्याइतका वेळ असेल, तर मी निःसंकोचपणे या कॅथेड्रलचे नाव सुचवेन. वरच्या भव्य दालनात फार न रेंगाळता पायऱ्या उतरून खालच्या चर्चमध्ये जावे. तेथे खांबांच्या दाटीत, चार खांबांच्या चौकटीत, ग्लासगोचे संरक्षक संत मानले जाणारे संत मंगो यांची समाधी आहे आणि तिच्यावरील दगडी कमानींची गुंफण अगदी जवळून न्याहाळता येते. १५६०च्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे स्कॉटलंडने कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट पंथ स्वीकारल्यानंतर, स्कॉटलंडमधील अनेक कॅथेड्रलांचे छप्पर गेले; येथे मात्र भिंती घालून एकाच छताखाली तीन मंडळ्यांची (उपासकांच्या समूहांची) प्रार्थना चालू राहिली, आणि त्यांपैकी बॅरनी मंडळी याच खालच्या भागात भरत असे.

शिक्षणाच्या इतिहासासाठी तर ही भेट मला विशेष मोलाची वाटली. बिशप विल्यम टर्नबुल यांच्या पुढाकाराने १४५१ मध्ये स्थापन झालेल्या ग्लासगो विद्यापीठाचे आरंभीचे वर्ग याच परिसरात भरले, तर हायस्कूल ऑफ ग्लासगोचे मूळ कॅथेड्रलच्या गायक मुलांच्या शाळेत आहे. प्रवेशशुल्क नाही. कॅथेड्रलच्या दक्षिणेकडील ब्लॅकॅडर दालनाचे छत पाहिल्याशिवाय मात्र परतू नये.